खरी नक्कल

फोटोवरची सही मी घेत नाही.
ती लोकांना दाखवायला केलेली असते,
लांब शेपटीची, खाली दोन टिंबं.
मला हवी रेव्हेन्यू तिकिटावरची,
अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर,
पैसे मोजून घेताना केलेली.

गंगाखेडच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत
चौतीस वर्षं मी दस्तांच्या नकला उतरल्या.
सही करताना माणूस बसला होता की उभा,
घाईत होता की रडून आलेला,
एवढं मला सांगता येतं. बाकी काही येत नाही.

जालन्याचा रद्दीवाला गफूर
कुठली कंपनी बुडाली की पोती उचलतो
आणि माझं माझं बाजूला काढतो.
"सिनेमे का है मास्तर, चाय पिलाव."
त्याच्याकडूनच मिळाला खलनायक दिगंबर रायकर:
नव्वद रुपये पोचले, घोड्यावरून पडल्याबद्दल,
दवाखान्याचा खर्च वळता करून.
पडद्यावर गावंच्या गावं जाळायचा,
आणि सही बघा, दुसरीतल्या पोराची,
रेघेच्या खाली उतरायची हिंमत नाही.

परभणीच्या लॉजचं रजिस्टर तर अख्खंच घेतलं.
टीव्हीवरचा इन्स्पेक्टर उतरला होता एक रात्र,
मिक्सरच्या दुकानाची फीत कापायला.
वय: चाळीस. खोटं.
कोठून आले: मुंबई.
येण्याचे कारण: काम.
कोठे जाणार, हा रकाना कोरा.
मालिका त्याच महिन्यात संपली होती.

आता नीलोत्पला.
तिचे सह्या केलेले फोटो ढिगानं निघतात,
सलूनमध्ये, पानटपरीत,
आमच्या मेव्हण्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून.
सगळीकडे एकच वळण, मात्रा तसूभर हलत नाही.
मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ती गेली तेव्हा पेपरात चार ओळी आल्या.
खरं नाव, आणि गाव.
गाव आपल्याच तालुक्यातलं, नदीपल्याडचं.
नाव वाचलं आणि बशीतला चहा कलला.
हे नाव मी लिहिलेलं आहे.

रिटायर व्हायला पाच महिने होते.
रेकॉर्ड रूममधून अठ्ठ्याहत्तरचा खंड काढला.
कडेला कसर लागलेली, पान शाबूत.
हक्कसोडपत्र. भावाच्या नावे दोन एकर सोळा गुंठे.
सोजरबाई भ्र. किसन, वय ५१, धंदा घरकाम.
खाली अंगठा.
मधोमध एक आडवा वण, विळ्याचा असावा.

शाईचा पॅड त्या दिवशी मीच पुढं केला असणार.
काही आठवत नाही.
किती अंगठे धरले या हातानं.
सगळ्या बाया शाई पदराला पुसतात,
एकीनं कधीतरी साबण मागितला होता, एवढंच.
ती हीच, असं मी म्हणत नाही.

शिपाई म्हणाला, "काय सापडंना का, मास्तर?"
म्हटलं, सापडलं.

फी भरली. अर्जदार मी, उतरणारा मी.
एक शब्द गाळला नाही, खाडाखोड नाही.
अंगठ्याच्या जागी अंगठा काढता येत नाही,
नियमाप्रमाणे लिहिलं: नि. अं.
आणि खाली शिक्का, खरी नक्कल.

परवा पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं.
पांढरे हातमोजे घालून फायली चाळल्या.
रायकरला बरा भाव बोलला,
रजिस्टरसाठी तर चेकबुकच काढलं.
मग हा कागद उजेडात धरला, उलटा केला.
"यावर तर कुणाचीच सही नाही.
अक्षर कुणाचं आहे?"
माझं, म्हणालो.

त्यानं तो बाजूला ठेवला.
पंख्यानं उडायला लागला,
म्हणून मी वर चष्म्याचं घर ठेवलं.